डाळीचं पाणी

माझी मुलगी दीड वर्षाची होईपर्यंत ती वाढत नाहीये हे मला कळलं नव्हतं.

तिचे गाल भरलेले होते, जावळ दाट होतं. ती फारशी रडायची नाही. जिथे बसवावी तिथे बसायची, आणि मी मनात म्हणायचे, किती गुणी लेकरू आहे. शेजारच्या खोलीतला मुलगा तिच्याहून महिनाभराने लहान. दोघं भिंतीला धरून उभी राहिली की तिचं डोकं त्याच्या खांद्यापर्यंतच यायचं. मुलगे थोराड असतात, असं मीच मला सांगून टाकलं होतं. दुसरं कोणी सांगायला नव्हतंच.

तेव्हा आम्ही पेणला राहत होतो. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. नवऱ्याला रोह्याजवळ धाटावच्या एका कंपनीत नोकरी लागली होती, पण क्वार्टरची यादी लांब होती आणि रोह्यात खोली मिळेना. त्याच्या ओळखीच्या एकाने पेणला खोली बघून दिली. एका चाळवजा घराची मागची बाजू, पुढे मोरी, मागे चिंचेचं झाड. तो एसटीने वडखळ, नागोठणे करत रोह्याला जायचा. सेकंड शिफ्ट असली की परत यायला गाडी नसायची, मग तो तिकडेच मित्रांच्या खोलीवर राहायचा. आठवड्यातले तीन-चार दिवस मी आणि मुलगी, दोघीच.

मी बार्शीकडची. भाकरी खाऊन वाढलेली, कोरड्या हवेची. मी सात वर्षांची असताना आई गेली. वडील शाळामास्तर. त्यांनी मला शिकवलं, वसतिगृहात ठेवलं, बी.ए. केलं. घरात बाई अशी कोणी नव्हतीच. त्यामुळे बाळंतीण कशी असते, तान्ह्या मुलाला काय देतात, दात येताना काय करतात, हे मी कधी डोळ्यांनी पाहिलेलंच नव्हतं. सासूबाई बाळंतपणाला सव्वा महिना राहून गेल्या. त्यांच्या मागे गावाकडचं सगळं घर होतं. जाताना म्हणाल्या, “सहा महिन्यांनी डाळीचं पाणी, भाताची पेज चालू कर.” मी ते वहीत लिहून ठेवलं आणि तसंच केलं. डाळ शिजली की वरचं पिवळं पाणी. भात शिजला की वरचं पांढरं पाणी. दूध पचायला जड म्हणून निम्मं पाणी घालून बाटलीत. अधूनमधून चहात बुडवलेलं बिस्किट. दीड वर्षाची झाली तरी ती हेच खात होती, कारण त्यापुढचं वहीत काही लिहिलेलं नव्हतं.

दिवस फार मोठे असायचे. चाळीतल्या बायका चांगल्या होत्या, पण सगळ्या कामात. दोघी गणपतीच्या कारखान्यात जायच्या, एक सकाळच्या गाडीने जोहे गावातल्या कारखान्यात जाऊन संध्याकाळी परतायची. माझं बोलणं ऐकून त्या हसायच्या, त्यांचं मला निम्मं कळायचं नाही. मी हळूहळू बोलायचंच कमी केलं. दुपारी कधी लक्षात यायचं की सकाळपासून आपण एक शब्दही उच्चारलेला नाही. मुलीला मांडीवर घ्यायचे, बाटली तोंडात द्यायचे आणि खिडकीबाहेर बघत राहायचे. आज हे लिहितानाही त्या खिडकीतला उजेड नको वाटतो.

लस द्यायला मी तिला सरकारी दवाखान्यात घेऊन गेले, तो दिवस उन्हाचा होता. तिथली नर्सबाई वयाने माझ्याएवढीच, पण हाताला वेग होता. तिने मुलीला काट्यावर ठेवलं, मग काय मनात आलं कोण जाणे, एका लाकडी फळीवर आडवं निजवलं. डोकं एका टोकाला टेकवलं, गुडघे दाबून पाय सरळ केले आणि तळव्याशी सरकती पट्टी आणली. मुलगी किंचाळली. नर्सबाईने आकडा वाचला, परत एकदा वाचला.

“किती महिन्यांची म्हणालात?”

“अठरा.”

“ही लांबी अकरा महिन्यांच्या पोरीची हाय, बाई.”

मी म्हणाले, “वडिलांवर गेली असेल. आमच्याकडे सगळे बेताचेच आहेत.” हे खोटं होतं. नवरा चांगला उंच होता.

“वजन बघून फसायला होतं,” ती म्हणाली. “अंग भरलेलं दिसतं, पण हाड वाढलेलं नसतं. दोन-अडीच वर्षांची होईतोवरच काय ते करून घ्यायचं. मग कितीबी खाऊ घातलं तरी गेलेली उंची परत येत नाय. तुमच्या आईनं सांगितलं नाय व्हय, वरचं खाणं कसं द्यायचं ते?”

मी मुलीला उचलून कडेवर घेतलं. मागे रांग होती. ती घाईघाईने म्हणाली, “घट्ट द्या. तेल घाला थोडं. दिवसातनं पाच वेळा. पाणी उकळून, हात साबणानं धुऊन. बाटली टाकून द्या. तीन महिन्यांनी आणा परत.” आणि पुढच्या बाईचं मूल तिने हातात घेतलं.

मी बाहेर आले. घट्ट म्हणजे किती घट्ट? तेल कच्चं घालायचं की फोडणी? पाच वेळा म्हणजे काय पाच वेळा भात? परत आत जाऊन विचारायची लाज वाटली. बी.ए. झालेली बाई आणि पोरीला खायला काय घालायचं हे विचारते. मुलगी टोचलेली मांडी हाताने झाकून रडत होती. मी कुठल्या रस्त्याने चालले तेही ध्यानात नव्हतं. एका गल्लीत सावली दिसली म्हणून थांबले आणि मला रडू फुटलं.

“अगो, रस्त्यात काय उभी ऱ्हायलीस? पोराला ऊन लागतंय. ये वर.”

एका बसक्या कौलारू घराच्या ओट्यावर एक म्हातारी बाई तांदूळ निवडत बसली होती. नऊवारी लुगडं, कपाळ मोकळं, हातात दोन काचेच्या बांगड्या. दाराच्या चौकटीला तिरकी ठोकलेली एक बारीक नळीसारखी डबी होती. त्यावरून मला कळलं की हे इस्रायली लोकांचं, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंचं, घर. पेणला त्यांची वस्ती पूर्वी मोठी होती. माझ्या काळापर्यंत बहुतेक जण इस्राएलला निघून गेले होते, चार-दोन घरं उरली होती.

तिने आधी मुलीला पाणी दिलं, मग मला. रडण्याचं कारण विचारलं नाही. मुलीच्या दंडाला हात लावून बघितला, मनगट बघितलं.

“काय देतेस गो तिला खायला?”

मी वहीत लिहिल्याप्रमाणे सगळं सांगितलं. डाळीचं पाणी, भाताची पेज, पातळ केलेलं दूध.

तिने तांदळातला एक खडा काढून टाकला. मग म्हणाली, “म्हणजे पाणी देतेस. डाळीचं पाणी, तांदळाचं पाणी, दुधाचं पाणी. पोट फुगतं, पोर गप होतं. पण त्यात अन्न कुठं हाय?”

त्या वाक्याचा मला राग यायला हवा होता. पण ‘अन्न कुठं हाय’ हे ती मला बोल लावून म्हणाली नव्हती. वस्तू कुठे ठेवली म्हणून विचारावं तसं विचारलं होतं. मी तिच्यामागून आत गेले.

चुलीजवळ एका पातेल्यात मऊ भात होता आणि दुसऱ्यात वालाचं बिरडं, सकाळी स्वतःसाठी केलेलं. तिने साबणाने हात धुतले, मला धुवायला लावले. चार डाळिंब्या भातात बोटांनी पार कुस्करल्या, वरून चमचाभर गोडं तेल सोडलं, परत कुस्करलं. मग तो गोळा बोटावर घेऊन बोट उलटं केलं.

“बघ. बोटावरनं ओघळलं तर ते पाणी. बोटाला धरून ऱ्हायलं तर खाणं. कळलं?”

आजवर मला कोणी काही शिकवलं असेल, पण इतकं स्पष्ट काहीच शिकवलं नव्हतं.

मुलीने पहिला घास थुंकला. दुसराही थुंकला. मावशींनी (त्या दिवसापासून मी तिला मावशी म्हणू लागले आणि अहोजाहो करू लागले) तिसरा घास भरवलाच नाही. त्या तिच्याशी बोलू लागल्या. बाहेरच्या मांजराबद्दल, वालाच्या वेलाबद्दल, आपल्या दुखऱ्या गुडघ्याबद्दल. मुलगी त्यांच्या तोंडाकडे टक लावून बघत होती. बघता बघता तिचं तोंड उघडं राहिलं आणि त्यांनी अलगद घास सोडला. तिने तो गिळला.

“तू भरवताना बोलतेस का तिच्याशी?”

“काय बोलायचं?”

“कायबी. पोर बोलणाऱ्याकडं बघून खातं. तू गप बसून घास कोंबलास तर तिला वाटतं, शिक्षा करतेय.”

मी घरी येऊन त्याच संध्याकाळी प्रयत्न केला. मऊ भात केला, मुगाची डाळ घट्ट शिजवली, तेल घातलं, बोट उलटं करून बघितलं. मग मुलीसमोर बसले आणि बोलायला तोंड उघडलं तर घशातून आवाज फुटेना. इतके दिवस न बोलून मी बोलणं विसरले होते की काय, असं वाटून भीती वाटली. शेवटी बार्शीच्या आमच्या घराचं वर्णन सुरू केलं. अंगणात काय होतं, वडील सायकल कुठे लावायचे, कडब्याला कसा वास यायचा. ती ऐकत होती. सात घास खाल्ले तिने. मी मोजले.

त्यानंतर मी जवळजवळ रोज मावशींकडे जाऊ लागले. त्यांना सहा मुलं. सगळी एकामागून एक इस्राएलला गेली, धाकटी जाऊनही बरीच वर्षं झाली होती. पतीच्या मागे त्या एकट्याच राहत होत्या. मुलांची पत्रं यायची, मराठीत. नातवंडं पत्राच्या शेवटी तिकडच्या हिब्रू लिपीत दोन ओळी लिहायची, त्या मावशींना वाचता येत नसत. त्या ओळींवरून त्या नुसतं बोट फिरवायच्या. शुक्रवारी संध्याकाळी दिवे लावले की शनिवार मावळेपर्यंत चूल पेटवायची नाही, म्हणून दोन दिवसांचा स्वयंपाक आधीच करून ठेवलेला असायचा. शनिवारी दुपारी आम्ही दोघी ते गार जेवण जेवायचो. मुलीसाठीचं तेवढं मी घरून ताजं आणायचे. “पोराला शिळं नाय,” त्या म्हणायच्या, “त्याला देवबी काय म्हणणार नाय.”

त्यांनी मला जे दाखवलं ते सगळं साधंच होतं. सकाळी नाचणीची घट्ट लापशी, गूळ घालून. मधे केळं कुस्करून. दुपारी भात आणि बिरडं किंवा मूग, त्यात पालेभाजी बारीक चिरून. चारच्या सुमाराला भिजवलेले पोहे दह्यात. संध्याकाळी परत भात-डाळ. हे पाच वेळा. वाटी तिची वेगळी, म्हणजे तिने किती खाल्लं ते कळतं. नर्सबाईने घाईत फेकलेल्या चार शब्दांचा अर्थ मला या घरात रोज थोडाथोडा कळत गेला.

मग अंड्याचा प्रश्न आला. आमच्या घरात अंडं, मासे काहीच चालत नव्हतं. मावशी एकदाच म्हणाल्या, “अंडं दिलंस तर बरं. मासा दिलास तर आणखी बरं. पण ते तुमचं तुम्ही बघा. मी सांगणार नाय.” परत विषय काढला नाही. मी आठ दिवस विचार केला. मग नवरा घरी असताना त्याला सांगितलं. उंचीचं तोवर मी त्याच्यापासून लपवलं होतं, तेही सांगितलं.

तो जेवत होता. हात थांबला.

“दवाखान्यात जाऊन किती दिवस झाले?”

“महिना.”

“आणि मला आज सांगतेस?”

“तुम्ही असता कुठे?” मी म्हणाले. लग्नानंतर त्याच्याशी एवढ्या चढ्या आवाजात मी पहिल्यांदाच बोलले असेन.

त्याने मुलीकडे पाहिलं. ती त्याच्या ताटातला भात बोटाने ढकलत होती.

“अंडं खाऊन वाढेल ती?”

“मला माहीत नाही.”

“मग दे,” तो म्हणाला. थोड्या वेळाने म्हणाला, “आईला मी सांगेन.” सासूबाईंना त्याने काय सांगितलं, कधी सांगितलं, ते मला आजतागायत माहीत नाही. पण तिकडून एक शब्दही आला नाही.

पहिलं अंडं मी मावशींच्या चुलीवर उकडलं. सोलताना मी तोंडाला पदर लावला. मुलीने पिवळा बलक खाल्ला आणि पांढरा भाग मांजराला टाकला. मावशी इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला.

पावसाळ्यात मुलीला जुलाब झाले. त्याआधीही दोन-तीनदा झाले होते, आणि प्रत्येक वेळी मी तिचं खाणं बंद करायचे. पोटाला आराम, असं ऐकलेलं. या खेपेलाही तेच केलं. दोन दिवस मावशींकडे गेले नाही म्हणून त्या छत्री घेऊन, गुडघा धरत माझ्या खोलीवर आल्या. त्या पहिल्यांदाच आल्या होत्या. मुलगी निपचित पडली होती.

“काय दिलंस सकाळपासनं?”

“काही नाही. पोट बिघडलंय ना.”

त्यांचा चेहरा एकदम बदलला. मला वाटलं त्या आता मला मारतील. त्यांनी स्वतः पाणी उकळलं, गार केलं, साखर आणि चिमूटभर मीठ घालून चमच्या-चमच्याने पाजायला बसल्या. तासाभराने मऊ भाताचे दोन घास. परत पाणी. मग मला म्हणाल्या, “उठ, तिला दवाखान्यात नेऊन दाखव. आणि वाटेत पाजत ने.” मी नेलं. नर्सबाईने पाण्यात घालून पाजायच्या पुड्या दिल्या आणि म्हणाली, खाणं-पाणी पुन्हा सुरू केलंत तेच बरं केलंत.

परतल्यावर मावशी तिथेच, माझ्या खाटेच्या कडेला बसलेल्या होत्या. मुलगी झोपली. तेव्हा त्यांनी मला सांगितलं.

“माझी तिसरी अशीच होती. दीड वर्षाची. हगवण लागली. सासू म्हणाली, खायला द्यायचं नाय, पाणीबी द्यायचं नाय, पाणी दिलं की पाणीच जातं. मी ऐकलं. पोर वाटीकडं हात करायची. मी वाटी सरकवून ठेवली.” त्यांनी मुलीचं पांघरूण सारखं केलं. “तीन दिवस. सहा जणं विमानात बसून गेली गो. ही एक इथंच हाय, बाबांच्या शेजारी. मुलं म्हणतात, आई ये. कशी जाऊ?”

बाबा म्हणजे त्यांचे पती. गावाबाहेरच्या त्यांच्या दफनभूमीत दोघांच्या कबरी होत्या. मी त्यांचा हात धरला नाही. धरावासा वाटला, पण आमच्यात तशी सवय नव्हती. मी चहा केला. त्यांनी बशीत ओतून प्यायला आणि कप विसळून पालथा घातला.

“बरी झाली की पंधरा दिवस रोज एक घास जास्त दे,” जाताना म्हणाल्या. “आजारात गेलेलं भरून काढायला लागतं.”

तीन महिन्यांनी मी मुलीला परत त्या फळीवर निजवलं. साडेचार सेंटिमीटर. नर्सबाई म्हणाली, “अशीच चालली तर बरंच भरून येईल. सगळं नाय येणार, पण बरंच.” तिने विचारलं, “काय केलंत?” मी म्हणाले, “आमच्या मावशींनी शिकवलं.” हे म्हणताना मला कसं वाटलं ते सांगता येणार नाही.

मावशींना सांगायला गेले तर त्या उठून सरळ स्वयंपाकघरात गेल्या. त्यांनी मनात नवस बोलला होता, मला न सांगता. त्यांच्यात नवस फेडायला मलिदा करतात, भिजवलेल्या पोह्यांत गूळ, ओलं खोबरं, वेलची, वर फळं. पोहे चाळताना त्या म्हणाल्या, “याला दहा पुरुष लागतात प्रार्थनेला. पूर्वी एक हाक मारली की गल्लीत दहा जमायचे. आता अख्ख्या पेणमध्ये हिंडले तरी भरणार नायत.” त्यांनी डोक्यावर पदर घेतला आणि एकट्यानेच हळू आवाजात काहीतरी म्हटलं. मला एकही शब्द कळला नाही. मग आम्ही तिघींनी तो मलिदा खाल्ला. मुलीने दोनदा मागून घेतला.

ती अडीच वर्षांची होत आली तेव्हा क्वार्टर मिळालं. नवऱ्याला केवढा आनंद झाला. सामान टेम्पोत चढवून झाल्यावर मी मावशींकडे गेले. त्या म्हणाल्या, “जा. नवऱ्याजवळ ऱ्हायला मिळतंय, जा.” मुलगी तोवर भरपूर बोलू लागली होती, आणि त्यांच्यासारखंच बोलायची. ती म्हणाली, “मी नाय जात.” मावशी हसल्या नाहीत. आत गेल्या आणि बाहेर आल्याच नाहीत. मी थोडा वेळ ओट्यावर थांबले, मग टेम्पोचा हॉर्न वाजला.

रोह्याच्या कॉलनीत दोन खोल्या, नळाला पाणी, गॅलरी. बायका महाराष्ट्रभरच्या आणि बाहेरच्याही. प्रत्येकीचं दार बंद. पहिले काही महिने मी महिन्यातून एकदा मुलीला घेऊन पेणला जायचे. मग मला दुसऱ्या वेळी दिवस गेले. डॉक्टरांनी प्रवास बंद करायला सांगितलं. मुलगा झाला. त्याच्या वेळी मला वही लागली नाही. सहा महिने पूर्ण झाले त्या दिवशी मी त्याला कुस्करलेला भात भरवला आणि अखंड बडबड केली.

मुलगा आठ महिन्यांचा झाल्यावर दोन्ही मुलांना घेऊन मी पेणला गेले. घराला कुलूप होतं. शेजारणीने सांगितलं, “पडल्या त्या मोरीत. खुब्याचं हाड मोडलं. थोरला आला होता, घेऊन गेला तिकडं.”

“त्या गेल्या?”

“मग काय करतील? उठताच येत नव्हतं. उचलूनच नेली गाडीत.”

मी मुलांना घेऊन दफनभूमीकडे गेले. त्या कधी मला तिथे घेऊन गेल्या नव्हत्या, मीही कधी विचारलं नव्हतं. गवत कमरेएवढं वाढलेलं. दगडांवर त्यांच्या लिपीतली अक्षरं, काहींवर खाली मराठीत नावं. लहान दगड पाच-सहा होते. त्यातला कुठला त्यांच्या मुलीचा, ते कळायला काही मार्ग नव्हता. मुलगा कडेवर कुरकुरायला लागला. मी परत फिरले.

त्यांच्या प्रार्थनालयाची किल्ली ज्यांच्याकडे असायची त्या गृहस्थांनी मला पत्ता शोधून दिला. मी पत्र लिहिलं. चार महिन्यांनी उत्तर आलं, थोरल्या मुलाच्या हातचं, जड झालेल्या मराठीत. आईचं बरं आहे, खुर्चीत बसते, बाहेर जायला नको म्हणते, खाते कमी. शेवटी लिहिलं होतं, ‘आई विचारते, पोरगी किती झाली.’ मी त्याच दिवशी मुलीला भिंतीशी उभं करून मापलं आणि उत्तर टाकलं. त्यावर काही आलं नाही. मी आणखी दोन पत्रं टाकली. मग टाकायची थांबले.

रोह्यात पुढे एक बाई भाजीची पाटी घेऊन कॉलनीत यायची, जवळच्या वाडीतली. काखेत मूल असायचं, वयाच्या मानाने फार बारकं. मी तिला मोठ्या उत्साहाने सगळं सांगितलं, बोट उलटं करूनही दाखवलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

“बाय, पाच वेळा भरवायला मी असते कुठं घरी? सकाळी निघते ती दिवे लागायला पोचते.”

त्या दिवसापर्यंत मला वाटत होतं की माहिती नव्हती म्हणून माझी मुलगी खुंटली, तर माहिती झाली की झालं. या बाईला बहुतेक सगळं माहीत होतं. तिला वेळ नव्हता, आणि मूल ठेवायला माणूस नव्हतं. मी म्हणाले, “फेरी होईपर्यंत माझ्याकडे ठेव.” ती ठेवायला लागली. दोन वेळचं मी भरवायचे, तिसऱ्या वेळचं डब्यात द्यायचे. मूल सुधारत होतं. पाऊस संपल्यावर तिच्या वाडीतली माणसं वीटभट्टीवर कामाला गेली, पुढच्या वर्षी ती बाई आली नाही. त्या मुलाचं काय झालं मला ठाऊक नाही.

माझी मुलगी पाच फुटांना एक इंच कमी राहिली. तिचा भाऊ तिच्या डोक्यावरून बघतो. शाळेत ती कायम पहिल्या ओळीत उभी असायची, आणि स्नेहसंमेलनात कायम छोट्या मुलीचं काम. तिला त्याचं कधी वाईट वाटल्याचं मी पाहिलं नाही. वाईट मलाच वाटायचं, प्रत्येक फोटोत. त्या दीड वर्षात माझ्या हातून काय गेलं ते मी मोजत बसायचे. तिला मात्र कधी सांगितलं नाही.

तिला दिवस गेले तेव्हा सांगितलं. माझा नवरा नुकताच वारला होता. मी रोह्यातच राहत होते, तो नोकरीतून सुटल्यावर आम्ही घेतलेल्या घरात. ती पुण्याहून चार दिवसांसाठी आली होती. दुपारी आम्ही वाल सोलत बसलो होतो. मी सगळं सांगितलं, बाटली, पाणी, फळी, अकरा महिन्यांची लांबी. मान खाली घालूनच सांगितलं. मला वाटलं ती म्हणेल, त्यात काय एवढं. किंवा रागावेल.

तिने विचारलं, “दिवसभर तू कोणाशी बोलायचीस गं तिथे?”

“तुझ्याशी.”

“मावशी भेटायच्या आधी?”

मी ताटातला पुढचा वाल उचलला. ती उठून माझ्या बाजूला येऊन बसली आणि माझ्यापुढचं ताट आपल्याकडे ओढून घेऊन उरलेले वाल सोलू लागली.

नातू सहा महिन्यांचा झाल्यावर मी पुण्याला गेले आणि तो दोन वर्षांचा होईपर्यंत राहिले. माझ्या मुलीकडे फोनवर सगळी माहिती होती, माझ्याहून जास्त. तिला माझी गरज होती ती मी समोर बसायला. ती ऑफिसातून दमून येई, मुलाला भरवताना मी शेजारी बसे, आणि आम्ही तिघं काहीबाही बोलत राहू. तो उंच होणार असं दिसतंय. मग त्याला पाळणाघरात घातलं आणि मी रोह्याला परत आले. आता रविवारी सकाळी त्यांचा फोन येतो. बाकीचे दिवस मी एकटीच जेवते. जेवताना रेडिओ लावते.